राहून गेलेलं आवतन

शनिवारी कोकिळाबाई निवृत्त होणार होत्या, आणि मलकापूरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात सगळ्यांना एकच उत्सुकता होती: बाईंच्या घरच्या जेवणाला भागवत सर येतात की नाही. बाईंनाही तीच काळजी होती. ती कोणाला कळू दिलेली नाही असा आपला त्यांचा समज होता.

मराठीच्या कोकिळाबाई आणि भूगोलाचे भागवत सर एके काळी एका डब्यात जेवत. सर त्यांना ताई म्हणत. मग बाईंच्या मुलीचं, राखीचं, लग्न झालं, अर्धं मलकापूर जेवून गेलं, आणि भागवत सर काही उगवले नाहीत. तेव्हापासून दोघांत अबोला. टेबलं शेजारी, पण बोलणं सगळं शिपाई गुलाबरावांच्या मार्फत. बाई म्हणायच्या, गुलाबराव, सरांना म्हणावं खडूचा डबा इकडं द्या. सरांना ते लख्ख ऐकू जायचं, तरी गुलाबरावांनी पुन्हा सांगितल्याशिवाय ते डब्याला हात लावत नसत. एवढी शिकलेली माणसं, पण रुसायला बसली की लहान पोरं परवडली.

बुधवारी बारावीच्या वर्गावर बाईंचा शेवटचा धडा होता. कापसाच्या जिनिंगच्या कचेरीतल्या दोन कारकुनांची जुनी कथा. एक रजेवर जातो, दुसरा तेवढ्यात आपलं टेबल खिडकीखाली ओढून घेतो. परत आलेला त्यावर काही बोलत नाही, आणि मग जन्मभर बोलतच नाही. बाईंना ही कथा तोंडपाठ होती. त्यांनी फळ्यावर कथानक मांडलं आणि नेहमीसारखं खाली लिहिलं: संघर्षाचं कारण, खिडकी.

मागच्या बाकावरची पूनम उभी राहिली. एरवी ही मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. खिडकी हे कारण वाटत नाही, असं ती म्हणाली. बाईंनी जरा चिडूनच विचारलं, का बरं? पूनमनं पान उघडून दाखवलं. पहिल्याचं टेबल होतं तिथंच आहे, वाराही तेवढाच येतो. त्याचं काहीच गेलेलं नाही.

"मग तो रुसला काऊन? त्याले कोणी विचारलं नाही म्हणून, बाई. नुसतं विचारलं असतं ना, तं त्यानं सोताच टेबल सरकवाले हात लावला असता."

वर्ग हसला. बाई मात्र खुर्चीवर बसल्या. राखीच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी पाहुण्यांच्या घरोघरी जाऊन, हळदकुंकू लावून दिल्या होत्या. घाईत कॉलेजातल्यांसाठी मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, खाली 'सर्वांनी अगत्य यावे'. बाकीचे आले, कारण त्यांचं नातं मोबाइलपुरतंच होतं. ज्याच्या डब्यात आपण जेवलो, त्याच्या दारात जाऊन 'भाऊ, या' असं म्हणायला मात्र आपण विसरलो. आवतन तोंडानं द्यावं, हे घरात सगळ्यांना शिकवणाऱ्या त्याच. आणि शनिवारच्या जेवणाचा निरोपही त्यांनी सकाळीच ग्रुपवर टाकला होता. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तास संपताच त्या स्टाफरूममध्ये आल्या. सर वह्या तपासत होते. निरोप न्यायला गुलाबराव सवयीनं उठले, तर बाईंनी त्यांना हातानंच बसवलं आणि सरांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, शनिवारी जेवाले या. वहिनीले घेऊन या. राखीच्या लग्नाचं आवतन माझ्याकडून राह्यलं होतं, तेबी आताच घ्या."

सरांनी पेन खाली ठेवलं. गुलाबरावांना राहवेना. बाई म्हणतात की, अशी त्यांनी सुरुवात केलीच.

"ऐकलं मी, गुलाबराव," सर म्हणाले. मग बाईंकडं बघून हळूच म्हणाले, "ताई, त्या दिवशी आम्ही दोघं नवे कपडे घालून दारातच बसलो होतो. तुमचा नुसता फोन आला असता, तं शेवटच्या पंगतीलेबी धावत आलो असतो."

ताई हा शब्द ऐकला आणि बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बोलायचं खूप होतं, पण थेट बोलायची सवयच मोडली होती. शेवटी त्यांनी गुलाबरावांकडंच वळून कसंबसं म्हटलं, यांना सांगा, मी...

"आता तुमचं तुम्ही सांगा बाई," गुलाबराव म्हणाले, आणि चहा आणायला निघून गेले.