कोऱ्या बर्फावर

शेगडीतली लाकडे मधूनच तडकत होती. मातिनेनने मला मांडीवर घेतले होते आणि माझ्या जाळीच्या भोकातून ती नवऱ्याकडे, शिमूनकडे, पाहत होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ती उंबऱ्याबाहेर पडलीच नव्हती. रोज चालला नाहीत तर दुखणे उलटेल, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. आणि बाहेर कमरेएवढा बर्फ होता.

मित्रांनो, मी एक जुनी हिमपादुकांची जोडी आहे. पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधतात, ती. कॅनडातल्या आमच्या इन्नू लोकांत चौकट पुरुषाने वाकवायची आणि जाळी बाईने विणायची, अशी रीत. लग्नाच्या हिवाळ्यात शिमूनने भूर्जाचे लाकूड वाफेवर वाकवले, मातिनेनने कॅरिबू हरणाच्या कातड्याच्या ओल्या वाद्या त्यात ओवल्या. म्हणून हाडे त्याची, शिरा तिच्या. मी गोठलेली तळी तुडवली. माशांनी भरलेली घसरगाडी ओढून परतल्यावर शिमून माझ्यावरचा बर्फ झटकून मला थोपटत असे.

मग अंगणात बर्फावरची मोटार आली आणि मी खोपीतल्या खिळ्याला लागले. उपेक्षेला आवाज नसतो; असलाच तर तो उंदरांच्या दातांचा.

"भोक बुजव की," मला खिळ्यावरून काढून आणणारा शिमून म्हणाला. "का हातांचंही ऑपरेशन झालंय?"

"तुझ्या जिभेचं करायचं राहिलं बघ," ती म्हणाली. पण वादी भिजत घातली.

विणून झाल्यावर तो मला शेगडीपाशी वाळत ठेवू लागला.

"अरे, कातडं तडकेल ना! त्या मोटारीच्या नादात सगळं विसरलास? बाहेर थंडीत टांग."

दुसऱ्या दिवशी ती लाकडांच्या ढिगाकडे निघाली. सवय मोडली होती. पाय फाकवून टाकायचे विसरली, माझ्याच शेपटावर, मागच्या निमुळत्या टोकावर, पाय ठेवला आणि आडवी झाली. शिमून पांढराफटक पडून धावला.

"मेले नाहीये रे, शेपूट तुडवलं!" ती बर्फातूनच हसली. किती महिन्यांनी!

त्यानंतर ती रोज थोडे पुढे जाई आणि रोज वाट टणक लागे. शिमून आदल्या संध्याकाळी दुसऱ्या पादुका बांधून ही वाट तुडवून ठेवी. रात्रीच्या गारठ्यात ती घट्ट होई. म्हाताऱ्यांसाठी, ओझेकऱ्यांसाठी आमच्याकडे असेच करतात. मातिनेनला हे कळत होते.

एका सकाळी ती तळ्याच्या काठाशी पोहोचली. तिथे वाट संपत होती. पलीकडे बर्फ इतका कोरा होता, की त्यावर पहिले पाऊल टाकायला वाऱ्यानेही संकोच करावा.

"फिर मागं," मागून येणारा शिमून म्हणाला. "पुढची वाट संध्याकाळी तुडवून ठेवतो. ठेवू ना?"

तिने वाकून माझे पट्टे आवळले आणि कोऱ्या बर्फात पाऊल टाकले. मी वीतभर खचले. उंदरांनी कुरतडलेल्या जागी नवी वादी ताणली गेली, करकरली आणि टिकली. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले, ते फक्त पुन्हा भार पेलणाऱ्यालाच उमगेल. म्हणून सांगते, जुन्या वस्तूला जपायचे ते भिंतीवर टांगून नव्हे. फाटले तिथे विणा, आगीपासून दूर ठेवा आणि पायाखाली घ्या. आम्हाला दुसरा मान नको.

शिमून कान देऊन ऐकत होता. तिचा श्वास संथ होता, अडखळत नव्हता. इतके दिवस वर ओढून धरलेले त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"मातिनेन, ठेवू ना तुडवून?" त्याने पुन्हा विचारले, पण आता आवाजात भीती नव्हती.

तिने मागे वळून पाहिले नाही. कोऱ्या बर्फात स्वतःची वाट पाडत ती तळ्यावरून चालत राहिली.