बायकांचा बंब

ब्रीम बेटावर सकाळी सहा चाळीसची लाँच सुटली की बेटावरचा कमावता पुरुष संपला. सगळे कॉलरी ताठ करून नदीपलीकडे जायचे, तिथून आगगाडीने सिडनीला. संध्याकाळी पावणेसहाला तीच लाँच तेच पुरुष परत आणायची, फक्त कॉलरी ढिल्या झालेल्या आणि हातात बिअरचा डबा. मधल्या अकरा तासांत रानाला आग लागली तर विझवायला उरायच्या त्या बायका. म्हणून बेटाचं अग्निशमन दल पन्नास वर्षं बायकांचंच होतं. हे कोणी ठरवलं नव्हतं. आग काही पुरुष घरी यायची वाट बघत नाही, एवढंच.

यावर पुरुषांनी एक गाणं रचलं होतं. रोज संध्याकाळी लाँच धक्क्याला लागता लागता सगळे मिळून ओरडायचे, "आग लागली डोंगराला, बायका गेल्या चहाला!" गाण्याचा कर्ता वॉरिक टुओही. नऊ वर्षांपूर्वी बायको-मुलीला घेऊन तो बेटावर राहायला आला, आणि पहिल्याच महिन्यात या एका ओळीवर लाँचमधली खिडकीची जागा त्याने कायमची मिळवली. त्याची बायको लिओनी त्या दलात पंप चालवायची, पण त्याचं त्याला काही नव्हतं. घरच्या कोंबडीला कोण भाव देतो?

मार्चमध्ये वॉरिकची नोकरी गेली. कंपनीने केक कापला, भाषण केलं आणि हाकललं. लिओनीने आठवड्याभरात शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात पूर्णवेळ काम धरलं. आता सहा चाळीसला ती जायची, बारा वर्षांची टिल्डा सव्वासातला शाळेच्या लाँचने जायची, आणि दिवसा बेटावर हातापायांनी धड असा एकच पुरुष उरायचा, तो म्हणजे वॉरिक. पहिल्या महिन्यात त्याने सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा आवरली. तिसऱ्या महिन्यात तो कोंबड्यांशी बोलायला लागला, आणि चौथ्यात कोंबड्या त्याला टाळायला लागल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र तो अंघोळ करून, शर्ट घालून, बिअरचा डबा घेऊन धक्क्यावर उभा राहायचा. लाँच लागली की गर्दीत मिसळून सगळ्यांबरोबर चढण चढायचा, जणू आत्ताच तोही उतरलाय. लाँचमधला डूगल त्याच्या पाठीत थाप मारून म्हणायचा, "काय लेका, आज गाडी लेट होती का?" आणि वॉरिक सगळ्यांच्या वर आवाज काढून हसायचा. जुन्या आयुष्यातलं त्याच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि ते हातचं जाऊ नये म्हणून तो जिवापाड जपत होता.

ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याचं पत्र आलं. दिवसा बेटावर हजर असणारे सहा सदस्य असतील आणि पंप सलग दहा मिनिटं पाणी मारून दाखवेल, तरच पंप बेटावर राहील. नाहीतर पलीकडच्या गावाला जाईल. लिओनी गेल्यापासून दलात पाचच उरल्या होत्या. आणि टुओहींचं घर बेटाच्या अगदी वरच्या टोकाला, रानाला पाठ लावून. गेल्या डिसेंबरात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, आग त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत आली होती आणि पाच बायकांनी आणि लिओनीने ती तिथेच झोपवली होती. वॉरिक तेव्हा ऑफिसात 'आपत्तीतलं नियोजन' या विषयावर पडद्यावर चित्रं दाखवत होता.

तो नोलाकडे गेला. नोला पिगट दलाची प्रमुख. वय एकाहत्तर, कानामागे कायम पेन्सिल, जिभेला हाड नाही.

"सहावा मी होतो," वॉरिक म्हणाला.

"तुला येतं काय?"

"मोठमोठ्या कामांचं नियोजन केलंय मी, नोला. वीस वर्षं."

"अरे वा. म्हणजे आग लागली की तू बैठक बोलावणार. चहा येतो करायला?"

तीन आठवडे त्याने चहा केला. दलातली एल्सा पंपाचं इंजिन पुसत म्हणायची, "नोला, या चहाने आग विझेल बघ. पिण्याच्या लायकीचा तर नाहीच." चौथ्या आठवड्यात त्याला टोपली मिळाली. पंपाची जाड नळी नदीतून पाणी ओढते, तिच्या तोंडाला जाळीची टोपली असते. ती टोपली पाण्यात बुडवून ठेवायची, चिखलाला टेकू द्यायची नाही, आणि पाण्याबाहेर येऊ द्यायची नाही. तिने हवा ओढली की पंप मेला.

"एवढंच?" वॉरिक म्हणाला.

"एवढंच," नोला म्हणाली. "आणि दलाच्या वहीत तुझं नाव मी लिहिणार कधी, ऐक. ते गाणं तू मागे घेशील तेव्हा. सगळ्या लाँचसमोर, तोंडाने."

"जिल्ह्याची परीक्षा होऊ दे, मग घेतो."

"मग नावही परीक्षा झाल्यावर."

"पण नाव नसेल तर पाचच भरतील! नापास होऊ आपण!"

"होऊ की. माझं घर खालीच आहे, राजा, पाण्याला लागून. जळलं तर तुझं आधी जळेल."

परीक्षेच्या दिवशी सकाळी अकराला तपासनीस यायचे होते. अकराला भरती पूर्ण होत आली होती. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. वॉरिकने टोपली हातभर खोल सोडली, दोराने शिडीच्या वरच्या कडीला घट्ट बांधली, गाठीवर गाठ मारली आणि हात झटकले. नोलाने लांबूनच विचारलं, "पाण्याचं बघितलंस ना?"

"पाणी भरपूर आहे!"

तो नऊ वर्षं या धक्क्यावर रोज दोनदा उभा राहिला होता, एकदा अर्धवट झोपेत आणि एकदा अर्धवट बिअरमध्ये. दिवसाचं पाणी कसं कसं फिरतं याचा त्याला पत्ता नव्हता.

तपासनीस अकराला आले नाहीत. एकलाही आले नाहीत. रुळांवर झाड पडून गाडी अडकली होती. बायका धक्क्यावर पत्ते खेळत बसल्या, वॉरिकने चार वेळा चहा केला आणि तो चार वेळा नदीत ओतला गेला. शेवटी चार चाळीसला शाळेच्या लाँचने दप्तरं घेतलेली मुलं आणि त्यांच्यात चेंगरलेले तपासनीस मिस्टर कोल्बी उतरले. त्यांच्याआधी उतरली टिल्डा. तिने खाली वाकून पाहिलं.

"बाबा, टोपली वाळत घातलीयस का?"

वॉरिकने पाहिलं. ओहोटीने नदी पार पलीकडे सरकली होती. खाली काळा चिखल, कालवांची कड आणि दोन खेकडे. टोपली शिडीला हवेत लटकत होती, कोरडी ठाक.

एल्साने नळी सोडवून पुढे ताणली. ती पाण्याच्या कडेपुढे जेमतेम चार-पाच हात पोचत होती, आणि तिथे टोपली चिखलाला टेकली असती. जोडायला दुसरी नळी नव्हती, आणि पंप खाली न्यावा तर चिखलात बुडाला असता. मिस्टर कोल्बींनी पाऊण तास कागद भरले आणि मग घड्याळ पाहिलं. "मी पावणेसहाच्या लाँचने परत निघणार. तुम्हाला दहा मिनिटं दाखवायची असतील तर आता सुरू करा. आणि सहावं नाव कुठाय?"

"येईल," नोला म्हणाली, आणि वॉरिककडे बघितलंसुद्धा नाही.

वॉरिकने बूट काढले. चिखलात उतरला तो गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो पाण्याच्या कडेला पोचला आणि ती पाण्याखाली तोलून धरली. एल्साने दोरी ओढली, इंजिन खोकलं, नळी फुगली, आणि वर धक्क्यावरून पाण्याचा पांढरा लोट थेट झाडांच्या शेंड्यांवर गेला. मिस्टर कोल्बींनी घड्याळाचं बटण दाबलं.

पाणी अजून ओसरतच होतं. दर मिनिटाला वॉरिकला वीतभर पुढे सरकावं लागत होतं आणि चिखल सोडत नव्हता. चौथ्या मिनिटाला त्याचा पट्टा सुटला. पाचव्याला पँट चिखलाने ठेवून घेतली. सहाव्याला वळणावर लाँच दिसली.

लाँचमध्ये अठ्ठावीस पुरुष होते. त्यांनी आधी पाण्याचा लोट पाहिला, मग नोलाला पाहिलं, आणि मग पाण्यात छातीपर्यंत काळा, टोपलीला बिलगलेला वॉरिक पाहिला. मग डूगलने सुरुवात केली आणि सगळी लाँच गर्जायला लागली, "आग लागली डोंगराला, बायका गेल्या चहाला!"

"वॉरिक!" डूगल ओरडला. "सोड ते मडकं! ये वर, बिअर गार आहे!"

सगळे हसत होते. ते हसणं वॉरिकला पाठ होतं, तेच त्याला शुक्रवारी हवं असायचं. आत्ता नुसतं त्यांच्यासारखं हसलं असतं, हात उंचावून हलवला असता, तरी तो पुन्हा त्यांच्यातला झाला असता. पण हात उंचावायचा म्हणजे टोपली सोडायची. त्याला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून भयंकर राग आला.

"गप बसा!" तो किंचाळला. "ते गाणं माझं आहे आणि मी ते मागे घेतोय! ऐकू येतंय का? ह्या बायका कधी चहाला गेल्या नाहीत! चहा मीच करत होतो, आणि तो भिकार होता! गेल्या वर्षी आपण सगळे शहरात खुर्च्या झिजवत होतो तेव्हा माझं घर ह्यांनी वाचवलं, आणि त्याच संध्याकाळी मी त्यांच्या तोंडावर हे गाणं म्हटलं! मी गाढव आहे! तुम्हीही आहात, पण मी जुना आहे!"

लाँचच्या लाटा आल्या. त्याच्या तोंडात पाणी गेलं आणि हातांतली टोपली वर उचलली गेली. पंप खोकला. लोट वाकला.

लाँच अजून नीट बांधलीही नव्हती तेवढ्यात लिओनीने उडी मारली. दवाखान्याचा पांढरा डगला, हातात पर्स. तिने पर्स टिल्डाकडे फेकली आणि शिडीवरून सरळ चिखलात उतरली. फरफटत जाऊन तिने मागून वॉरिकला काखांखाली धरलं आणि दाबून ठेवलं.

"खाली धर! आणखी खाली! किती मिनिटं राहिलीत?"

"दोन," वरून टिल्डा ओरडली.

"लिओनी," वॉरिक म्हणाला, "माझी पँट गेलीय."

"मला कळलंय. तोंड बंद कर, पाणी जाईल."

लोट पुन्हा सरळ झाला. लाँचमध्ये आता कोणी गात नव्हतं.

मिस्टर कोल्बींनी घड्याळ थांबवलं. "दहा मिनिटं. पंपाचं ठीक आहे. पण माझ्या यादीत अजून पाचच नावं आहेत."

नोला धक्क्याच्या कडेशी गेली. तिने लाँचकडे पाहून विचारलं, "ऐकलंत का सगळ्यांनी?"

डूगल बिअरच्या डब्याकडे बघत होता.

"डूगल, तुला विचारतेय."

"ऐकलं," डूगल म्हणाला.

नोलाने कानामागची पेन्सिल काढली, वही गुडघ्यावर ठेवली आणि जोर देऊन लिहिलं. मिस्टर कोल्बींनी वाकून वाचलं. "टुओही तर आधी खोडलेलं दिसतंय."

"ती पंपवाली. हा टोपलीवाला," नोला म्हणाली. "आणि हे लोक पंप वर दलाच्या खोलीपर्यंत चढवतील. चढवून चढवून माझी कंबर गेलीय. डूगल, दांडा धर."

अठ्ठावीस जणांनी कॉलरी ढिल्या केल्या आणि पंपाची गाडी चढणीला लावली. एल्साने वॉरिकच्या कमरेला पत्ते खेळायची चादर गुंडाळली. बेटावर मोटारगाड्या नाहीत, प्रत्येक घराची सामानाची एकचाकी धक्क्यावर उभी असते. टिल्डाने टुओहींची ओढून आणली. वॉरिक दमून खाली बसला होता, म्हणून लिओनीने त्याला तिच्यात बसवलं आणि चढणीला ढकलायला लागली. दोघं नखशिखांत काळे झाले होते.

अर्ध्या वाटेत वॉरिक म्हणाला, "तुझं नाव मला मिळालं. तुझी जागा होती ती."

लिओनीने एकचाकी एका खड्ड्यातून वर काढली. "नऊ वर्षं ते गाणं लाँचमधून ऐकू यायचं आणि मी रोज तुझ्यासाठी बटाटे सोलायची," ती म्हणाली. "आज मी लाँचमध्ये होते. तुझा आवाज तिथपर्यंत नीट आला."

मग तिने एकचाकी थांबवली, दांडे सोडले आणि दम खाल्ला.

"आता उतर," ती म्हणाली. "पुढचं तू ढकल. मी बसते."