डबक्यातलं गवत कापायचं का नाही

दुपारी जेवायला आलेला पामर बूट न काढता तसाच आत आला, तेव्हाच अल्माने ओळखलं की गड्याचं काहीतरी बिनसलंय. एरवी तो दाराशी बूट काढायचा, टोपी खुंटीला अडकवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मगच टेबलाशी बसायचा. पामर ब्रेक्के म्हणजे अल्माचा धाकटा दीर. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. पोरीबाळी बघण्यापेक्षा ट्रॅक्टरचं इंजिन बघितलेलं बरं, असं त्याचं मत. अल्माचा नवरा हाल्वोर गेल्यापासून वहिनीची आणि त्याची गुरं एकाच कुरणात चरत होती, आणि त्याचं दुपारचं ताट वहिनीच्या घरी असायचं.

"शनिवारी ट्रक सांगितलाय," खुर्ची ओढत तो म्हणाला.

"कशाला?"

"गाई बाजाराला न्यायला. तुज्याबी आन् माज्याबी."

अल्माच्या हातातली बटाट्याची पळी तशीच राहिली. "माझ्या गाई इकायला तुला कुनी सांगितलं रं?"

"सरकारनं."

तिने पळी भांड्यात ठेवली आणि समोर बसली. पामर थट्टा करतोय म्हणावं, तर त्याला थट्टा करता येत नव्हती.

त्या साली नॉर्थ डाकोटाच्या त्या माळावर हिवाळ्यात बर्फ धड पडलं नाही आणि पुढे पाऊसही फिरकला नाही. गहू वीतभर वाढून पिवळा पडला. कुरणातलं गवत गाईंनी मुळासकट ओरबाडलं. वारा सुटला की पेरलेल्या रानातली माती उठायची आणि वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसायची. हिरवं म्हणून काय राहिलं होतं, तर शेताशेतांतली डबकी. बर्फ वितळलं की ती तुडुंब भरायची, बदकं यायची, अंडी घालायची. यंदा त्यांतलं पाणी आटून मधे नुसती ओल उरली होती, पण कडेने गवत कमरेएवढं माजलेलं. तेवढं कापून वाळवलं असतं तर गाईंचा हिवाळा निघाला असता.

आणि नेमकी त्याच डबक्यांवर सरकारी नोटीस आली. पोस्टमास्तर क्लॅरेन्स नेस याने ती तिकिटांच्या खिडकीशेजारी चिकटवली होती. गावातला जो तो तिच्यापुढे उभा राहायचा, ओठ हलवत निम्म्यापर्यंत जायचा आणि टोपी मागे सरकवून बाहेर पडायचा.

"तू वाचलीस का सगळी?" अल्माने विचारलं.

"वाचली की. 'काढून टाकले जाता कामा नये' असं लिवलंय. त्येवडं कळलं मला."

"त्याच्या आदी काय लिवलंय?"

"त्याच्या आदी लई काय काय हाय. त्याच्यानंतरबी हाय. पन हे मधलं मला कळलं."

अल्माने जेवण उरकलं, गाडी काढली आणि पोस्टात गेली. काउंटीच्या साप्ताहिकात ती गावच्या खबरा लिहायची. कोणाकडे कोण पाहुणा आला, कोणाची गाय जुळी व्याली, चर्चच्या तळघरात कोणी केक आणला. अवघ्या काउंटीत तिच्या खबरा आधी वाचल्या जायच्या, संपादकाचा अग्रलेख मागाहून. तेव्हा आपल्याला नोटीस कळणार नाही, असं तिच्या मनातही आलं नाही.

लांबलचक नोटिशीत मधे असं होतं: 'परिच्छेद तीनच्या उपखंड ख मध्ये अन्यथा विहित केले असेल त्याव्यतिरिक्त, अधिसूचित पाणथळ क्षेत्रातील वनस्पती-आच्छादन, जलाभावग्रस्त घोषित काउंटीमध्ये सक्षम प्राधिकाऱ्यास पूर्वसूचना सादर केली नसल्यास, कोणत्याही व्यक्तीकडून काढून टाकले जाता कामा नये.'

तिने ती पुन्हा पुन्हा वाचली. "क्लॅरेन्स, ह्यात 'नाही' किती वेळा आलंय रे?"

"मोजायला गेलो हुतो," क्लॅरेन्स म्हणाला, "पन मधेच एक गिऱ्हाईक आलं."

"गवत कापायचं का नाही?"

"बाई, मी नोटीस लावनारा मानूस. उद्या दुपारी साहेब येनार हाय सांगायला, चर्चच्या तळघरात. त्यांस्नी इचारा."

साहेब आले. लेलँड फिच नाव. चांगला तरणाताठा माणूस, बिचाऱ्याचा सदरा इस्त्रीचा, बूट चकचकीत, वागणं अदबीचं. बायकांनी कॉफीची मोठी किटली चढवली होती, बटाट्याच्या पातळ पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळून ठेवल्या होत्या. माणसं भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. फिचने खिशातून नोटीस काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग चष्मा पुसून म्हणाला, "काही शंका असतील तर विचाराव्यात."

त्या गावातली माणसं चारचौघांत तोंड उघडण्यापेक्षा दात काढून घेतील. शेवटी अल्मा उठली.

"साहेब, डबक्यातलं गवत कापायचं का नाही?"

"ते विहित अटींच्या अधीन राहील."

"म्हंजी कापायचं?"

"अटींची पूर्तता झाली असल्यास प्रतिबंध लागू होत नाही."

"म्हंजी कापायचं," अल्मा म्हणाली.

"मी तसं म्हणालो नाही," फिच घाईने म्हणाला. "मजकुराचा अर्थ लावण्याचा मला अधिकार नाही. माझ्या तोंडून एखादा शब्द इकडचा तिकडे गेला तर कार्यालय अडचणीत येतं."

भिंतीपाशी कुजबुज झाली. पामरने एक पोळी खिशात घातली आणि बाहेर पडला. त्याच्यामागून एकेक करत सगळे गेले. कॉफी तशीच राहिली, आणि कॉफी शिल्लक राहावी असा प्रसंग त्या तळघरात कोणाच्या मयतालासुद्धा आला नव्हता. फिच कागद गोळा करत एकटाच उरला. त्याचा चेहरा पाहून अल्माला त्याची थोडी कीवही आली. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि तिच्या गाईंना नावं होती.

"साहेब, तुम्ही डबकं बघितलंय का कवा?" तिने विचारलं.

"नकाशात सगळी पाहिली आहेत."

"मग चला, माझ्या दिराचं बघा."

फिच तिच्या गाडीमागे आपली सरकारी गाडी घेऊन आला. पामर डबक्याच्या काठावर ट्रॅक्टर लावून गवताकडे बघत बसला होता. खिशातली पोळी त्याने अजून खाल्ली नव्हती. अल्मा बांधावर थांबली. फिचला मात्र जवळून बघायची हौस. गवताच्या अलीकडची डबक्याची उघडी कड वरून वाळून, तडे जाऊन फरशीसारखी दिसत होती. त्याने गाडी सरळ तिच्यावर घातली.

"साहेब, तिथं—" एवढंच अल्माच्या तोंडून निघालं.

वरची खपली फुटली आणि गाडीचं नाक काळ्या राडीत गेलं. फिच दार उघडून उतरला तो गुडघ्यापर्यंत रुतला. एक पाय ओढला तर बूट आतच राहिला. मागची चाकं हळूहळू बसायला लागली, तसा त्याचा आवाज बदलला.

"अहो, साखळी आणा. मागच्या बाजूला बांधा, पुढून नको, पुढून ओढलं तर बंपर निघेल. हळू ओढा. आधी मला बाहेर काढा, मग गाडी."

पामर साखळी घेऊन निघालाच होता. अल्माने त्याचा दंड धरला.

"जरा दम खा." ती काठापर्यंत गेली आणि फ्रॉक आवरून खाली बसली. "साहेब, आत्ता जे बोललात ना, ते सगळं मला कळलं. काय करायचं, काय नाही करायचं, केलं तर काय होईल, आदी काय, मग काय. येक शब्द फुकट न्हाई."

"बाई, मी बुडतोय."

"न्हाई बुडत. मांडीपातूर जातं, मग खाली कडक हाय. हाल्वोर दोनदा अडकला होता. आता ह्याच भाषेत मला गवताचं सांगा."

"मला अधिकार नाही."

पामरने साखळी खाली ठेवली. वहिनीचं काय चाललंय हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं, आणि त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू फुटत होतं. त्याने खिशातली पोळी काढली आणि निवांत खायला लागला.

फिचने ट्रॅक्टरकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं. एक डास त्याच्या मानेवर बसला, त्याच्यामागून त्याचं सगळं गोत आलं.

"कापा," तो म्हणाला.

"सगळं?"

"कडेचं कापा. मधलं ओलं आहे ते सोडा, तिथं बदकं असतात. तुमच्या काउंटीत दुष्काळ जाहीर झालाय, म्हणून यंदा परवानगी आहे. फक्त कापण्याआधी कळवायचं."

"कुनाला कळवायचं?"

"सक्षम प्राधिकाऱ्याला."

"त्ये कोन असतंय?" पामरने विचारलं.

डोळे मिटून फिचने मनातल्या मनात परिच्छेद चाळले असावेत. मग तो ओशाळून म्हणाला, "मीच की हो."

अल्मा हसली नाही. तेवढी रीत तिला होती. "मग साहेब, आम्ही तुम्हाला कळवतो, की आम्ही गवत कापनार."

"लेखी लागतं."

खबरा टिपायची पेन्सिल तिच्या खिशात कायमची असायची. गाडीतल्या अंड्यांच्या खोक्याचं झाकण फाडून तिने त्यावर एका ओळीत लिहिलं, पामरने खाली सही केली, आणि तो तुकडा तिने हात लांबवून साहेबाला दिला. फिचने तो मानेवरचे डास मारत वाचला. "चालेल," म्हणाला, आणि ओला होऊ नये म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मग पामरने साखळी बांधली, मागच्या बाजूला, आणि हळू ओढली. बूट काही सापडला नाही.

घरी अल्माने साहेबाला हाल्वोरची विजार दिली, पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि टेबलाशी बसवलं. पामरने तिथूनच ट्रकवाल्याला फोन लावला. "येऊ नगंस," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. मग अल्मा आणि साहेब नोटीस घेऊन बसले. ती विचारायची, कोण, कुठं, कधी, नाही केलं तर काय, आणि तो सांगायचा. दोनदा तो स्वतःच अडला. एके जागी 'खुणा करण्यात येतील' असं होतं, आणि त्या कोणी करायच्या, शेतकऱ्याने की सरकारने, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"हे आम्ही तिघांनी बसून लिहिलं होतं," तो कॉफीचा कप फिरवत म्हणाला. "प्रत्येकाला वाटलं असेल, दुसऱ्याला माहीत आहे."

त्याने आपल्या कार्यालयात फोन लावला. बराच वेळ कोणीतरी कोणालातरी विचारत राहिलं. उत्तर आलं: सरकारने. अल्माने तेही लिहून घेतलं.

त्या आठवड्याच्या खबरांत, नेस यांच्याकडे मिनेसोटाहून पाहुणे आल्याच्या बातमीखाली, डबक्यांची खबर आली. 'डबक्याच्या कडेचं गवत यंदा कापता येईल. मधलं ओलं सोडा. आधी मिस्टर फिच यांना चिठ्ठी टाका. खुणांच्या काठ्या सरकार रोवेल, तुम्ही उपटू नका. चर काढून पाणी सोडायचं नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही.' फिचच्या वरिष्ठांनी त्याला बोलावून घेतलं आणि हा मजकूर कोणाच्या परवानगीने छापला म्हणून झापलं. पण चिठ्ठ्यांचा असा ढीग आला होता, आणि सगळ्या बिनचूक, की झापणं थोडक्यात आटोपलं. पलीकडच्या काउंटीतून साप्ताहिकाच्या प्रतींना मागणी आली. क्लॅरेन्सने कात्रण नोटिशीवरच डकवलं. सरकारी नोटीस झाकता येत नाही, असं फिचने येऊन सांगितलं, तेव्हा त्याने ते शेजारी लावलं. नोटिशीपुढे त्यानंतर कोणी उभं राहिलं नाही.

पामरने गवत कापलं. वाऱ्याने ते लवकर वाळलं. गोठ्याच्या मागे गंजी उभी राहिली आणि गाई तिच्याकडे मान वळवून बघायला लागल्या. अल्मा कॉफी घेऊन शेतावर गेली तेव्हा तो डबक्याशी फावड्यावर हात ठेवून उभा होता. मधल्या ओलीत गवताचं एक बेट तसंच सोडलेलं, आणि त्यात एक बदकी पिल्लं मागे घेऊन हिंडत होती.

"गवत तर झालं," अल्मा म्हणाली. "आता काय रुसलायस?"

पामरने कॉफीचा घोट घेतला. "वहिनी, मी सुगी उरकली की चर मारनार हुतो. पानी वढ्याला काढून सगळं डबकं नांगरटीखाली घ्यायचं, असं ठरवलं हुतं."

"ते चालत न्हाई."

"म्हाईत हाय की. तुज्या पेपरात वाचलं." तो बदकीकडे बघत राहिला. "नोटीस पयल्यासारकी ऱ्हायली असती, तर मला कळलीच न्हाई म्हनून सांगता आलं असतं. आता पार पोस्टमास्तरापातूर समद्यांना ठावं हाय की मला कळलंय."

अल्माने रिकामा कप घेतला. पामरने फावडं खांद्यावर टाकलं आणि बदकीला वळसा घालून, लांबच्या वाटेने, घराकडे निघाला.