तोफ राखणारा डुओप

आमच्या छावणीची हकीकत सांगायला आता मी एकटाच उरलोय, आणि मला विचारतंय कोण? कप्पाळ!

नदीकाठच्या रानात झोपड्या बांधल्या तेव्हा आम्ही सरकारशी लढणारे पाचसहाशे गडी होतो. आधी सरकारी विमानांनी बॉम्ब टाकले. मग काळा आजार आला. त्यातून वाचलो तर आपल्याच फौजेत फूट पडली. काल एका भांड्यात जेवलेले आज एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले. उरलेसुरले पांगले. आमचा कमांडर पुओक जाताना म्हणाला, "डुओप, ही तोफ सोडायची नाही. मी येतोच."

आला नाही मेला. मी वर्षानुवर्षं मासे मारून खायचो आणि तेल नव्हतं म्हणून माशाची चरबी तोफेला चोळायचो. बोलायला कुणी नाही, तेव्हा तोफेलाच शिव्या द्यायचो. शेवटी एक कोळी होडीतून ओरडला, "अरे खुळ्या, लढाई संपून दोन पावसाळे झाले!"

घरी आलो तर धाकटा भाऊ बिडोंग मला बघून पळालाच. मग लांबूनच म्हणाला, "दादा, तुझं तर सगळं करून टाकलं रे आम्ही!"

सगळं म्हणजे सगळं. मी काळ्या आजारात गेलो असा कुणीतरी निरोप दिला होता. बैल कापून माझं मर्तिक उरकलं. बिनलग्नाच्याचं नाव बुडू नये म्हणून रीतीप्रमाणे माझ्या नावानं गुरं देऊन बायको आणली, न्याबुआय. तिच्यापाशी निजायचा बिडोंग, पण पोरं माझ्या नावाची.

मला तर आनंदच झाला! आयतं घर, आयती लेकरं. म्हटलं, "मग झालं की! मी आलोय, आता माझं मला द्या."

थोरले टुटकाका मान हलवत म्हणाले, "मर्तिक झालेल्याला जिवंत करायची रीत आपल्यात नाही, बाळा. जेव, नीज, कुणी हाकलणार नाही. पण बळीच्या मांसात तुझा वाटा निघायचा नाही. तुला माणसांत धरता येत नाही."

"मी काय भूत आहे?" मी ओरडलो.

न्याबुआयनं ज्वारीची पेज माझ्यापुढे ठेवली. "रागावू नका," ती हळूच म्हणाली. "तुमच्या नावावर मी इथं ताठ मानेनं राहिले. बाप छावणी राखताना मेला, असं पोरांना सांगितलंय. तुम्ही जिवंत झालात तर मी कुणाची? आणि बिडोंग कोण?"

छावणीतसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तिथं असताना निदान परत जायला घर होतं.

तेवढ्यात तिची थोरली लेक न्यालुआक गुरं बांधून आली. माझ्याकडे टक लावून म्हणाली, "काका, तुम्ही त्या छावणीत होतात ना? माझ्या बापाला बघितलंत?"

न्याबुआयनं पटकन माझ्याकडे बघितलं.

"बघितलं की," मी म्हणालो. "माझ्याच हातांनी पुरलं त्याला."

"तरसांनी उकरलं नाही ना?"

"नाही गं, पोरी. खूप खोल पुरलंय."