भेगेवरची काच

किल्लीमावशीने शिडी फरफटत वर्गात आणली आणि बोलत असलेल्या अध्यक्षांच्या डोक्यामागच्या भिंतीला टेकवली. अध्यक्षांना खुर्ची सरकवावी लागली. शहराच्या शिक्षण मंडळाची सभा चालू होती. हीच चार नंबरची शाळा बंद करायचा ठराव टेबलावर तयार होता, सह्या तेवढ्या बाकी. भिंतीला भेग गेली आहे, इमारत धोकादायक आहे, असा इंजिनिअरसाहेबांचा अहवाल. तोही कचेरीत बसून, फोटो बघून लिहिलेला. रोग्याची नाडी न बघता त्याची तिरडी बांधायला घेतली होती या लोकांनी.

मावशी तीस वर्षं या शाळेच्या किल्ल्या सांभाळत होती. तिचं पोट कुठेही भरलं असतं. पण दोनशे पोरांना हमरस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागणार होतं, आणि त्या रस्त्यावरचे ट्रक कुणाच्या बापासाठी थांबत नाहीत. तिने तीन अर्ज दिले होते. ते कुठल्या फायलीत घोरत पडले, कुणास ठाऊक.

मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे वटारून तिला बाहेर जायची खूण केली. ती हलली नाही.

"भेग वर आहे, साहेब," ती टेबलाशी बसलेल्या इंजिनिअरला म्हणाली. "खालून भिंतीचं नुसतं वय दिसतं. चढा."

कुणीतरी खुदकन हसलं. ही काही सर्कस नाही, असं अध्यक्षांनी सुनावलं. सर्कशीत चढणाऱ्याला निदान जिवाची काळजी असते, म्हणून तो दोर आधी हाताने चाचपून बघतो, असं मावशीने ऐकवलं. साहेबांना चढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

छताजवळ भेगेवर आडवी, बोटभर रुंद काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवलेली होती. भिंत केसभर जरी हलली तरी अशी काच तडकते. ही अखंड होती आणि लख्ख होती. सिमेंट ओलं असताना खिळ्याने कोरलेली तारीख अकरा वर्षांपूर्वीची. तारखेखाली सही.

साहेब बघत राहिले. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"अकरा वर्षांत भिंत हललेली नाही," वरून आवाज आला. "अहवाल मागे घेतो."

दाराशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या आयाबापांत ती बातमी अशी पसरली की व्हरांडा दणाणला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. मुख्याध्यापिकाबाई शिस्त विसरून बाकावर चढून टाळ्या पिटत होत्या. अध्यक्षांनी ठराव गुपचूप बॅगेत कोंबला.

उतरताना साहेबांचा पाय एका पायरीवर अडखळला. मावशीने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सही कुणाची, ते सभेत बोलला नाहीत, मावशी," ते तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाले.

"काच लावलीत तेव्हा नोकरीला नवीन होतात तुम्ही. म्हणाला होतात, काच तडकली की मला कळवा." ती शिडी भिंतीपासून काढू लागली. "दर सोमवारी पुसते. कळवण्यासारखं काही झालंच नाही."