मानाच्या खुर्चीची लाज

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, बसा, पण माझ्यावर नको. माझा एक पाय आखूड झाला आहे, आणि हल्ली कोणी बसलं की मला जुनं आठवतं.

जळगाव जामोदच्या मोतीराम सुताराने मला घडवलं. महाराष्ट्र राज्य नवं होतं, आमच्या गावची ग्रामपंचायतही नवीच. पाहुण्यांना बसवायला चांगली खुर्ची हवी, म्हणून मला मागवलं. मोतीरामने पाठीवर लाल रंगात 'मानाची खुर्ची' असं लिहिलं आणि मी चांगलीच शेफारले. वर्षभर मी पंचायतीच्या मागच्या खोलीत गोणपाट पांघरून बसायची. पंधरा ऑगस्टला किंवा कोणी साहेब आले की बाहेर यायची. खोली कोरडी, प्रशस्त आणि रिकामी होती. मला वाटायचं, ती माझ्यासाठीच बांधली आहे.

खोलीच्या खिडकीतून समोरचं कडुनिंब दिसायचं आणि त्याच्या पलीकडे शाळा. कापूस वेचणीला सुरुवात झाली की शाळेत मुली दिसेनाशा व्हायच्या. आया शेतात जात आणि लहान भावंडं मुलींच्या कडेवर येत. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटलं ते रुख्मिणीला. ती गावातल्या दानशूर हिंमतरावांची धाकटी सून, सातवी पास, वयाने अजून पोरसवदाच. ती घरोघर जाऊन सांगू लागली, "लेकरू माह्यापाशी ठेवा अन् पोरीले शाळेत धाडा."

बाया आधी हसल्या. मग कचरूच्या बायकोने आपला तान्हा आणून दिला आणि तिची शालू पाटी घेऊन शाळेत पळाली. बघता बघता कडुनिंबाला झोळ्याच झोळ्या लटकल्या. रुख्मिणी दिवसभर एकीला झोका दे, दुसरीतलं रडणारं उचल, अशी धावत असे. शाळेत मुलींचा गलका ऐकू येऊ लागला.

तिचं नाव तालुक्यापर्यंत गेलं. सभापती सत्काराला येणार असं ठरलं आणि मला पुसून मांडवात नेलं. पण सून सासऱ्यापुढे खुर्चीवर बसेल कशी? म्हणून तिच्या जागी हिंमतराव बसले. हार त्यांच्या गळ्यात पडला. रुख्मिणी बायकांत मागे उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. खरं सांगते, तेव्हा मलाही नाही वाटलं.

सभापतींनी विचारलं, "बाईंच्या कामाला काय कमी आहे? बोला, आज देऊन टाकू."

आदल्या दिवशी मागच्या खोलीची झाडझूड चालली होती, तेव्हा रुख्मिणी दारात सासऱ्यांना म्हणाली होती, "मामाजी, लेकरायले हे खोली तेवढी मांगून घ्या." ते "हाव" म्हणाले होते. पण जन्मभर देत आलेला माणूस, भर सभेत मागायला त्यांची जीभ रेटेना. माझे हात त्यांनी घट्ट धरले आणि म्हणाले, "काही कमी नाही साहेब. आमच्या घरी कायले कमी पडते?"

टाळ्या पडल्या. रुख्मिणीची मान खाली गेली. मी पुन्हा माझ्या कोरड्या खोलीत आले.

थोड्याच दिवसांत अवकाळी पाऊस आला, गारांसकट. झोळ्या चिंब झाल्या. रुख्मिणीने दोन लेकरं पदराखाली घेतली, पण सगळ्यांना पुरायला पदर तो केवढा! मी खिडकीतून पाहत होते. माझ्या अंगावर थेंब नव्हता. लेकरं तापाने फणफणली आणि आयांनी ती परत नेली. शालू काही दिवस भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीपाशी उभी राहायची. मग तीही दिसेना, पुन्हा शाळेत आलीच नाही.

पुढच्या वेचणीला रुख्मिणीने त्याच झाडाला पुन्हा झोळ्या बांधल्या. ते पाहून हिंमतराव आले. मला त्यांनी स्वतः उचलून कडुनिंबाखाली ठेवलं.

"बस बाई. त्या दिवशी मी बसलो, चुकलं माह्यं."

रुख्मिणी खाली पाहत म्हणाली, "मामाजी, मले खुर्ची नोको. खोली पाह्यजे."

हिंमतराव तसेच पंचायतीत गेले. सरपंचापुढे हात जोडून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. किल्ली घेऊन आले आणि खोली स्वतः झाडली.

त्याला काही वर्षं झाली. आता या खोलीत माझ्याभोवती झोळ्या आहेत आणि शाळेत मुली मावत नाहीत. ते पाहून मला बरं वाटायचं. पण परवा शालू आली. लग्न होऊन गेलेली, वेचणीसाठी माहेरी आलेली. बाळाला झोळीत घालून तिने माझ्या पाठीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "मा... ना... ची..." बोट तिथेच थांबलं.

"पुढचं नाही येत वैनी," ती हसून म्हणाली. "तेवढ्यातच शाळा सुटली माही."

रुख्मिणीने शालूचं बोट धरून पुढच्या शब्दावर नेलं.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशी एखादी ताई असेल. तिचं कौतुक जरूर करा. पण हार आणण्याआधी तिलाच विचारा, तुला काय पाहिजे? आणि ती सांगेल ते त्याच दिवशी करा. शालूच्या बाळाच्या झोळीची दोरी माझ्या हाताला बांधली आहे. आखूड पायावर मी ती धरून उभी आहे.