चौदावा भाग

रुचिकानं आजीच्या मोबाइलमध्ये ऐकायचं पुस्तक टाकून दिलं आणि रविवारच्या गाडीनं ती पुण्याला आपल्या नोकरीवर निघून गेली. जाताना आईला म्हणाली, "आता तुझ्या घशाला सुट्टी." मोहिनी हसली. मग सहज विचारलं, कोणतं पुस्तक टाकलं? आणि उत्तर ऐकून ती ओट्याशी तशीच उभी राहिली, दूध उतू जाईपर्यंत.

जगातली सगळी पुस्तकं सोडून आनंदाबाईंनी नातीकडे सारजा नावाच्या पोरीची कादंबरी मागितली होती. का, तर सुनेनं वाचली तेव्हा फार आवडली होती.

काचबिंदूनं सासूची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पवनारच्या त्या घरात दुपारची जेवणं आटोपली की मोहिनी वर्ध्याच्या वाचनालयातलं पुस्तक उघडायची आणि आनंदाबाई मांडीवर कापूस घेऊन वाती वळायच्या. छापलेलं सगळं सासूपर्यंत पोचायचं ते सुनेच्या तोंडून, आणि या मधल्या वाटेवर सुनेनं एकदा हात मारला होता.

कादंबरीतल्या सारजाला वावरात साप चावतो. एकोणीस वर्षांची पोरगी, दवाखाना गाठायच्या आत बैलगाडीतच जाते. मोहिनीनं हे वाचायच्या आदल्या दिवशी पुढची पानं चाळताना पाहिलं आणि पुस्तक मिटून टाकलं. तिची नणंद रक्षा अशीच गेली होती. तुरीच्या वावरातून ऑटोत घातली, ऑटो वर्ध्याला पोचला, रक्षा पोचली नाही. मोहिनी तेव्हा घरात नवी होती. त्यानंतर बावीस वर्षांत आनंदाबाईंनी लेकीचं नाव घेतलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

तेव्हा मोहिनीनं सारजाला वाचवलं. गाडी वेळेत पोचवली, इंजेक्शन दिलं, चौथ्या दिवशी घरी आणली. त्या दुपारी तिला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की अजून दोनशे पानं बाकी आहेत आणि त्या दोनशे पानांत जो तो सारजासाठी रडतो आहे.

मग काय करता! तिनं सारजाचं लग्न लावून तिला अमरावतीला देऊन टाकलं. आई रडते, कारण पोरगी सासरी गेली. बाप जेवत नाही, कारण जावयाशी पटत नाही. भाऊ दारू प्यायला लागतो, त्याचं मात्र मोहिनीला काही करता आलं नाही. एक दिवस आनंदाबाईंनी विचारलं, "तिले काही लेकरूबाळ?" म्हणून शेवटच्या प्रकरणात सारजाला जुळंही झालं.

आता मोबाइलमधला माणूस हे सगळं उघडं पाडणार होता.

माणूस वाचायचा मात्र झकास. भारदस्त आवाज, म्हाताऱ्याचं बोलणं म्हाताऱ्यासारखं, पोरीचं पोरीसारखं. मोहिनी वाचायची तेव्हा जिथं आनंदाबाई नुसतं हं म्हणायच्या, तिथं आता त्या खुदकन हसत होत्या. मोहिनीला हे टोचलं. पण टोचणीपेक्षा धास्ती मोठी होती. आनंदाबाई रोज दोन भाग ऐकायच्या. सारजा चौदाव्या भागात जाणार, म्हणजे येत्या रविवारी.

मोहिनीचे हात ठिकाणावर राहिले नाहीत. भाजीत दोनदा मीठ पडलं. वाळलेले कपडे तिनं पुन्हा भिजवले. गुरुवारी संध्याकाळी तिनं चार्जर उचलून डाळीच्या डब्यात खुपसला. शुक्रवारी मोबाइल बंद पडला, आनंदाबाई दिवसभर नुसत्या वाती वळत राहिल्या, आणि रात्रीच्या जेवणाआधी मुकेश, म्हणजे मोहिनीचा नवरा, वर्ध्याहून नवा कोरा चार्जर घेऊन आला. आईची अडचण आपण किती चटकन सोडवली, हे त्यानं दोनदा सांगितलं. मोहिनीनं त्याला पोळी जास्तच जोरात वाढली.

शेजारच्या देवकाबाईंना तिनं कुंपणावरून सगळं सांगितलं. त्यांनी सुचवलं, नेट गेलं म्हणून सांग. मोहिनीनं सांगितलंही. त्यावर आनंदाबाई शांतपणे म्हणाल्या की हे नेटविना चालतं, रुचिकानं तसंच करून दिलं आहे. एवढ्या खटाटोपानं रविवारचं मरण सोमवारवर गेलं, बाकी काही नाही.

सोमवारी तिनं ठरवलं, आपणच आधी सांगायचं. कपड्यांची चळत घेऊन ती सासूसमोर बसली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तेरावा भाग संपला. माणसानं चौदावा म्हटलं.

"आई, जरा थांबवता का? मले काही सांगायचं हाय."

आनंदाबाईंनी नुसता हात वर केला. "आयकू दे."

साप आला, गाडी जुंपली, नाला लागला. चार मिनिटांत सारजा संपली आणि माणूस त्याच दमात तिच्या बापाकडे वळला. आनंदाबाईंनी चाचपडत बटण दाबलं. अर्धी वात त्यांच्या बोटांत राहिली होती.

"मेली ते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू त अमरावतीले देली होती."

मोहिनीनं खाली पाहिलं. "माह्यानं ते पान वाचणं झालं नाई, आई."

"मले मालूम होतं."

मोहिनीच्या हातातली घडी सुटली. आनंदाबाई तिच्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

"छापलेलं वाचतानी तू अडते. जोडाक्षर आलं का थांबते, मांगं जाते, मंग पुढं येते. अमरावतीचं लगन लावलं तवा एकदाई नाई अडली. सरसर गेली. मी म्हटलं, चालू दे. लेकरं त मीच मांगून घेतली तुह्याकडून."

मोहिनीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. सातवीत शाळा सुटलेली, पुढचं वाचन तिनं पुड्यांच्या कागदांवर केलेलं. आपलं अडखळणं कुणी इतकं कान देऊन ऐकतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मंग आता काऊन आयकलं?"

"खरं आयकाचं होतं एकदा." आनंदाबाईंनी मोबाइल थोडा दूर सारला. "चांगला वाचते हा बाप्या. पण त्याले कुठंच थांबाव नाई लागत. माह्या रक्षाले दोन तास लागले होते."

बावीस वर्षांनी ते नाव घरात आलं. मोहिनीला उठून कुठंतरी जावंसं वाटलं, पाणी आणावं, गॅस पाहावा. ती उठली नाही.

"उद्या पुस्तक आणजो वर्ध्याहून," आनंदाबाई म्हणाल्या. "तेच पान वाच. सोडू नको काही."

मंगळवारी सकाळच्या बसनं मोहिनी गेली आणि बाराच्या आत परत आली. दुपारी तिनं ते पान उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. पहिल्याच वाक्यात अडली, मागे गेली, पुन्हा आली. आनंदाबाई थांबल्या. पुढच्या ओळीला मोहिनीच पदरानं डोळे पुसू लागली, तेव्हाही त्या थांबल्या. मधे एकदा म्हणाल्या, रक्षाला तहान फार लागली होती. मोहिनीनं पुस्तक मांडीवर ठेवून ते सगळं ऐकून घेतलं, मग पुन्हा बोट ठेवलं.

गाडी नाल्यापर्यंत आली तेव्हा चार वाजून गेले होते.

"आज इथंच राहू दे," आनंदाबाई म्हणाल्या.

सारजा अजून जिवंत होती. मोहिनीनं पान दुमडलं.